चेहऱ्यावरून कळतं

ओहायोतल्या एका कोर्टात ज्यूरीसाठी, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळासाठी, सक्तीने बोलावलेली माणसं ताटकळत बसली होती. व्हर्नाबाईंच्या हातात विणकाम होतं, पण कान शेजारच्या बाकावर होते. तिथे मार्ला नावाची तरुण आई फोनवर पोरांना झापत होती.

"दिवा कोणी फोडला ते सांगूच नका. थोरल्या दोघांचा टीव्ही बंद!"

"साक्षीपुरावा नाही, थेट शिक्षा?" पलीकडचे ड्वेनकाका हसले.

"चेहऱ्यावरून कळतं मला, काका. आत्ता तर आवाजावरूनही कळलं. पण इथून सुटू कशी? तीन पोरं शेजारणीच्या गळ्यात टाकून आलेय."

"मग जज्जसाहेबांना हेच सांग, चेहऱ्यावरून कळतं म्हणून. असल्या बाईला ज्यूरीत कोण घेतंय?"

मार्लाला आत बोलावलं. ती परतली ती पाय आपटतच.

"सुटलीस ना?" ड्वेनकाकांनी विचारलं.

"कसली सुटतेय! तुमचंच ऐकलं. जज्जसाहेब म्हणाले, मग सांगा, इथे लबाड कोण? मी त्या निळ्या सुटातल्या माणसाकडे बोट दाखवलं."

"आरोपीकडे?"

"आरोपीच्या वकिलाकडे!"

"अगं मग हाकललं असेल तुला!" व्हर्नाबाई विणकाम सोडून म्हणाल्या.

"आरोपीच उठला ना! म्हणतो, 'मला हे ओळखायला तीन महिने लागले. या बाईंना ठेवाच!'"