चाळीस फूट पेव्हर आणि एक फीत

हॅलो? … हां, बोल दीक्षा. … नाही गं, रडत नाहीये. वैतागलेय. … कसलं उद्घाटन आणि कसलं काय! पुढं ढकललं. … हो, पुन्हा! तिसऱ्यांदा! शी! मला आता त्या लाल फितीकडे बघूनसुद्धा मळमळतं.

थांब हं, दुधाची पिशवी फोडते… कात्री कुठं गेली? इथंच खिळ्याला असते मेली… जाऊ दे, सुरीनं फोडते. हां, बोल.

… अगं, ते नगरसेवक साहेब आलेच नाहीत! दहाची वेळ दिलेली. साडेअकराला आपल्या सोसायटीचे चेअरमन माईकवरून सांगतात, 'साहेबांना तातडीचं काम निघालं, पदपथाचं उद्घाटन पुढच्या रविवारी.' आणि वर तोंड करून, 'सर्वांनी चहा घेऊन जावा.' चहा! डोंबलाचा चहा!

… तुझे बाबा? ते पहाटेपासून तयार. दाढी केली, पांढरा शर्ट घातला, बूट मी चढवले पायात. दीड तास खाली लिफ्टपाशी बसले होते, वॉकर पुढ्यात धरून. … मग काय! वर आले, आतल्या खोलीत गेले, दार लोटलं. 'शालन, आता मला परत खाली चल म्हणू नकोस,' एवढंच म्हणाले.

हो, हो… अगं ऐक ना! फिजिओवाली काय म्हणाली, माहितेय ना तुला? खुब्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले. आता रोज मोकळ्यावर, सपाट जमिनीवर चालले नाहीत तर पाय आखडणार. मग वॉकरही नाही, कायमची खुर्ची. घरात चालून चालून चालणार कुठं? पलंग ते मोरी! तीस वर्षं टपाल वाटत पायी फिरलेला माणूस आहे तो.

… गच्चीवर? वीतभर उंबरा आहे तिथं. आणि बाहेर रस्त्यावर पाय ठेवायला जागा आहे का? म्हणून तर मी कमिटीच्या मागं लागले ना! ज्या फरशीत पाय अडकून बाबा पडले, ती उचलायला लावली. ती आणि सगळ्याच.

… पेव्हर? पेव्हर झकास बसलेत गं, तेच तर दुखणं आहे! त्या संतोष ठेकेदाराला मी टेकू दिलं नाही. आधी मुरूम नीट दाबून घेतला, वर दगडाची कच पसरली, मगच ब्लॉक. एक ओळ झाली की बाबांचा वॉकर घेऊन मी स्वतः चालून बघायचे. एक ब्लॉक डुगडुगला की उचल परत! शेवटी बिचारा हात जोडून म्हणाला, 'काकू, पुढचा ठेका तुम्हीच घ्या.' … हसू नकोस. जिन्यापासून गेटपर्यंत चाळीस फूट, पाण्याचा उतार बागेकडे, मध्ये एक पायरी नाही. अठरा दिवस झाले तयार होऊन. अठरा! आणि दोन्ही टोकांना फीत. वर पाटी, 'उद्घाटनापूर्वी चालू नये. चालताना आढळल्यास सभासदाच्या नावाची नोंद घेतली जाईल.' कुत्रं झोपतं त्यावर मजेत. घ्या म्हणावं त्याच्या नावाची नोंद.

… सांगितलं ना अनिरुद्धरावांना! चेअरमन आहेत म्हणून हात जोडले. म्हटलं, सकाळी दहा मिनिटं चालू द्या यांना, फीत मी परत बांधून ठेवते. तर काय म्हणावं? 'काकू, काका आधीच चालले तर कार्यक्रमात राहिलं काय? साहेबांचा हात धरून काकांनी पहिली चार पावलं टाकायची. फोटो फार सुंदर येईल.' … नाही, शपथ! अस्सं म्हणाले. किळस आली मला. माणसाचा खुबा मोडला तो यांच्या फोटोसाठी? आणि बाबा मागंच उभे होते गं. सगळं ऐकलं त्यांनी.

… नको, तू फोन करू नकोस अनिरुद्धरावांना. … गोड बोलून? दीक्षा, मला वीट आलाय गोड बोलण्याचा. … थांब, थांब जरा. खाली कसला आरडाओरडा चाललाय? गॅलरीत जाऊन बघते… रतन वॉचमन पळतोय. चेअरमनपण पळतायत, हातात चहाचा कप तसाच. 'काका, काका' करतायत कुणाला तरी…

… अगं… आतलं दार उघडं आहे. पलंगावर नाहीत. इकडे मी तुझ्याशी बोलत बसले आणि हे…

… घाबरू नकोस, दिसले! दिसले गं! फितीपाशी उभे आहेत. एक हात वॉकरवर, आणि दुसऱ्या हातात… दीक्षा, माझी कात्री!

… कापली! अगं, खरंच कापली! फीत लोंबतेय वॉकरला. चाललेत बघ. … नाही, कुणी नाही धरलेलं. एकटे. … अहो! अहो, वर काय बघताय, पुढं बघा! चाला तुम्ही! … अनिरुद्धराव, हात लावू नका त्यांना! व्हा बाजूला! घ्या माझ्या नावाची नोंद, शालन म्हणून लिहा! आलेच मी खाली!

… काय? काय म्हणालीस? … फोटो काढू?

दीक्षा, तूसुद्धा? … ठेव फोन!