आत्याची थाप

वॉर्डाबाहेर चार खुर्च्या आणि तीन माणसं होती: आई, जीवशास्त्र शिकलेली लेक आणि आत्या. आत बाबांचा ऑक्सिजन ब्याऐंशीवर आला होता. सिलिंडर कोठीत होता आणि कोठीची किल्ली जेवायला गेलेल्या कारकुनाकडे.

“थांबा वहिनी.” आत्यानं फोन लावला. “तपासणी अधिकारी बोलतेय. दोन मिनिटांत कोठी उघडी हवी.”

“अगंबाई वन्सं, पापणीसुद्धा लवली नाही तुमची!”

“आई, अशी निर्ढावलेली माणसं उत्क्रांतीत टिकली कशी, यावरच माझा प्रबंध आहे.”

“मग घाल त्यात आत्याचं नाव. प्रत्येक घरात एक हवीच अशी.”

“आणि हेही लिही, लहानपणी तुझ्या बापाचा खाऊ रोज मीच लाटायचे.”

किल्ल्या खुळखुळल्या. सिलिंडर आत गेला.

दहा मिनिटांनी ऑक्सिजन चौऱ्याण्णव होता.