उकडलेल्या माना

(शिरूर. जनावरांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर सासू-सून बसल्या आहेत. आत त्यांच्या भुऱ्याचं, घरच्या कुत्र्याचं, ऑपरेशन चालू आहे.)

साखरबाई : भाकर-दुधावर काय मरत हुता का त्यो? मास घालायचं खूळ तुझंच.

वैष्णवी : मरत नव्हता, आत्या, पण खाजवून खाजवून पाठीवरचे केस गेले होते त्याचे. तुम्हीच खोबरेल चोळत बसायचात.

साखरबाई : त्ये खरं.

वैष्णवी : आणि मांसावर ठेवल्यावर केस आले की नाही?

साखरबाई : आलं. चकाकाया लागला हुता. आपल्या गावात, कवठ्यात, बाया इचारायच्या, साखरबाई, कुत्र्याला तूप चारती का काय?

वैष्णवी : मग असं कसं झालं, तेच कळत नाही. मी काही मनाचं केलं नव्हतं. आधी नुसतं बिनहाडाचं, थोडं थोडं. ते पचायला लागल्यावर कोंबडीच्या माना. महबूबभाईंनी शिळं तर दिलं नसेल?

साखरबाई : महबूबच्या नावानं बोलू नगं. माझ्यासमोर कापून देतो त्यो.

वैष्णवी : मग आतड्यात एवढी हाडाची कपची घुसली कशी? डॉक्टर मला खोदून खोदून विचारत होत्या, शिजवलेलं हाड दिलं का म्हणून. मी सांगितलं, देवाशपथ, आमच्याकडं फक्त कच्चंच देतात.

साखरबाई : शिजिवल्याचं कशापायी इचारत हुती?

वैष्णवी : शिजवलेलंच वाईट असतं ना. कच्च्या कोंबडीचं हाड लवचिक असतं, दातांखाली चुरा होतो त्याचा. शिजलं की ते ठिसूळ होतं. चावलं की चिरफळ्या निघतात, त्या आत टोचतात.

साखरबाई : उकडल्यालं पन?

वैष्णवी : उकडलेलं काय, भाजलेलं काय, सगळं एकच. का हो?

साखरबाई : ल्हान लेकराला आपन समदं उकडूनच देतो की गं.

वैष्णवी : लेकराची गोष्ट वेगळी. आत्या, इकडं बघा. तुम्ही माना उकडत होता?

साखरबाई : तू कंपनीच्या गाडीनं गेली की मग. घरात मास शिजत न्हाई, तुझ्या सासऱ्यांच्या गळ्यात माळ हुती. ते गेले, तरी माझ्या चुलीला मी मास लावलं न्हाई. म्हून गोठ्याच्या मागं तीन दगडं मांडली. हळद घालायची, पार मऊ हुस्तवर उकडायचं, गार करून द्यायचं.

वैष्णवी : रोज?

साखरबाई : रोज. रगताळलेलं त्ये ताटलीत टाकायला माझा हात धजंना. माझ्या दारात कुनी कच्चं खाल्लं न्हाई आजपातूर.

वैष्णवी : मला सांगायचं होतं ना, आत्या!

साखरबाई : तू हासली आस्तीस. माझा सत्यजीतबी हासला आस्ता.

वैष्णवी : हो. हसले असते मी.

साखरबाई : खाज गेली तवा मनात म्हनायची, माझ्या हळदीनंच गेली. लई बरं वाटायचं मला.

वैष्णवी : तुमच्या मुलाला मी तासभर समजावलं, कच्चंच का द्यायचं ते. फोनवरच्या ग्रुपात अनोळखी लोकांना लिहून कळवलं. खायला घालणार होता तुम्ही, आणि तुम्हाला डबा भरता भरता नुसतं सांगितलं, कच्चंच द्या म्हणून. मान वर करून बघितलंसुद्धा नाही तुमच्याकडं.

साखरबाई : सांगितलं आस्तं तरी मी आईकलं आस्तं का, कुनाला ठावं. सत्यजीतला कळिवलं का?

वैष्णवी : फोन आत नेऊ देत नाहीत त्यांच्या कंपनीत. सुटल्यावर बघतील. हात द्या तुमचा. किती गार पडलाय. अजून काही झालेलं नाही, आत्या.

साखरबाई : दार उघडलं बघ. तूच इचार. मला न्हाई व्हायचं.

डॉक्टर : आजी, बसूनच राहा. वाचवता नाही आलं त्याला. आतडं फाटलं होतं, सगळ्या पोटात पू झाला होता.

साखरबाई : माझ्यामुळं गेला, डाक्टरीनबाई. मी उकडून देत हुते.

वैष्णवी : त्यांना माहीत नव्हतं, मॅडम. मी सांगितलंच नव्हतं नीट.

डॉक्टर : बरीच घरं असं करतात, आजी. मायेनंच करतात. मला एकच कळत नाहीये. जखम आजची नव्हती. इतकं दुखत असलं की जनावर अन्नाला तोंड लावत नाही. पण पोटात कालची हाडं निघाली. त्यानं तोंड फिरवलं नाही?

साखरबाई : फिरवलं की. ताटलीकडं बघायचा आन् लांब जाऊन बसायचा. मला वाटलं, कटाळला आसंल. मग म्या त्याचं डोस्कं मांडीव घेतलं, एकेक तुकडा हातानं पुढं केला. म्हनलं, माझ्यासाठी खा रं बाळा.

वैष्णवी : आत्या, राहू द्या आता.

साखरबाई : माझ्या तोंडाकडं बघितलं त्यानं, आन् खाल्लं.