कापला कोणी, भरला कोणी

टॅक्स ऑफिसच्या खिडकीपुढच्या बाई ‘कापला’ म्हणाल्या, तसे रांगेत मागे उभ्या असलेल्या शिंप्याने धंद्याच्या सवयीने कान टवकारले.

“साहेब, दर महिन्याला पगारातून टॅक्स कापला आणि आता नोटीस म्हणते, भरलाच नाही. मी पुन्हा भरू?”

“कापला कोणी?”

“एजन्सीने. तिनेच मला कारखान्यात पॅकिंगला लावलंय.”

“मग भरायचाही एजन्सीनेच.”

“ती म्हणते, कापायचं आमच्याकडे, भरायचं कारखान्याकडे.”

“मग कारखान्याला विचारा.”

“तो म्हणतो, बाई, तुम्ही आमच्या नाहीच. तुम्ही तात्पुरत्या.”

“कधीपासून तात्पुरत्या?”

“मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून. आता तिचं लग्न ठरलंय.”

“माझ्यावर ओरडू नका. भरलेला दिसत नाही, म्हणजे तुम्हालाच भरावा लागणार.”

“वा रे न्याय! कापताना मी सगळ्यांची, भरताना कोणाचीच नाही?”

“ते राहू द्या. एजन्सीचं नाव सांगा.”

बाईंनी सांगितलं. साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी खणातून स्वतःची पगाराची स्लिप काढली आणि डोळ्यांजवळ धरली.

“काय झालं, साहेब?”

“मलाही इथे त्यांनीच लावलंय. तात्पुरतं.”

शिंपी एक पाऊल मागे सरकला.

“या मग बाहेर,” बाई म्हणाल्या, “माझ्या मागे जागा झालीय.”