पान कुणीकडं दुमडायचं

गाव आमचं विट्याच्या पुढं, माळावर, नाव सांगून काय उपयोग, तुम्ही काय तिकडं जाणार न्हाई. आमच्याकडची पोरं मिसरूड फुटायच्या आत गलाईला बाहेर पडतात, म्हंजे जुने दागिने वितळवून चोख सोनं काढायचं. कुणी केरळात, कुणी दिल्लीला, मी चुलत्याच्या मागनं चेन्नईला आलो, जॉर्ज टाउनात, आणि इथंच केस पिकले. काय सांगू तुम्हाला, या धंद्यात दुकानाचा केरसुद्धा फेकत न्हाईत, पोत्यात साठवतात, त्यात सोन्याचा कण असतो म्हणून. आता असा केर जपणारा माणूस हॉटेलात जादा पैसे सोडंल होय?

आणि इथं तर जिथं जाल तिथं जादा. पाण्याच्या बाटलीवर किंमत छापलेली, तरी मागणार वरती दोन रुपये, का, तर गार करायला करंट लागतो. मी म्हणायचो, मग गरम दे. पार्सलला डब्याचे वेगळे, म्हणून मी घरनं डबा न्यायला लागलो, तर तो म्हणतो कसा, तुमचा डबा मोठा हाय, सांबार जास्त जातं. मी भांडायचो, गर्दी जमायची, बरं वाटायचं. गल्लीतली पोरं मला एमआरपी आप्पा म्हणायची आणि मला वाटायचं मानानं म्हणतात. गाढव माणूस!

तर आमची रूपाली. जन्मली इथं, मराठी बोलते ती तमिळच्या चालीवर, शोळिंगनल्लूरला कंप्युटरच्या कंपनीत लागली. एक दिवस म्हणाली, आप्पा, ऑफिसातला एक मुलगा हाय. मी म्हटलं, कुठला? म्हणाली, घाबरू नका, मराठीच हाय, तंजावरकडचे, पिढ्यान् पिढ्या इकडचे. मुलाचं नाव मुरली, वडील माधवराव, शाळेत मास्तर होते. आमच्या दोन खोल्या दुकानाच्या वर, ॲसिडचा वास, तिथं पाव्हणं बसवणार कुठं, म्हणून माधवराव म्हणाले, मैलापूरला हॉटेलात भेटू, जेवण आमच्याकडून. निघताना रूपालीनं हात जोडले, आप्पा, आज बिल बघायचं न्हाई. मी म्हटलं, मी कशाला बघतो, मी पाव्हणा.

बघायचं न्हाई म्हणून दारातला बोर्ड तेवढा वाचला. मील्स एकशे साठ. वर एसी हॉलात बसलो, केळीच्या पानावर जेवण, बोलणी छान चाललेली. माधवरावांची मराठी जुन्या पोथीतल्यासारखी, सावकाश, गाणं म्हटल्यागत. केराची गोष्ट सांगितली तर हसून हसून त्यांना ठसका लागला. मग त्यांनीच विचारलं, मुहूर्त कधीचा धरायचा? आमची मंगल, रूपालीची आई, नुसती लाजत होती, जसं काय तिचंच लग्न.

ताक-भाताला आलो आणि वेटरनं बिल माधवरावांच्या गिलासाखाली ठेवलं. आता मला उलटं वाचता येतं, गिऱ्हाइकाच्या हातातल्या चिठ्ठ्या वाचून वाचून. पानामागं एकशे नव्वद! मी वेटरला धरलं. तो म्हणाला, सार, बोर्ड खालच्या हॉलचा, इथं एसी. मी म्हटलं, मग बंद कर तुझा एसी. माधवराव म्हणतायत, परवाइल्लै, जाऊ द्या, जाऊ द्या. रूपाली टेबलाखालनं पाय मारतीय. पण माझ्या अंगात आलेलं. हातासरशी पान पुढच्या बाजूला दुमडलं, ढकललं आणि खाली मॅनेजरकडं. तिथं असा आवाज काढला की त्यानं सगळ्यांचे एकशे साठच लावले, आणि कुस्ती मारल्यागत बिल नाचवत मी वर आलो.

वर कुणीच हसंना. मुरलीच्या आईची नजर माझ्या पानावर.

ऑटोत बसल्यावर रूपाली म्हणाली, आप्पा, नातं राहावं असं वाटलं की पान आपल्याकडं दुमडायचं. पुढच्या बाजूला दुमडतात ते फक्त मयताच्या जेवणात. घरी आम्ही स्टीलच्या ताटात जेवणारी माणसं, उभा जन्म इथं काढला पण मला कुठं ठाऊक. मी म्हटलं, पानाचं काय एवढं? ती म्हणाली, पानाचं सोडा, ते जेवू घालत होते, तुम्ही त्यांचं बिल तपासलंत.

ते न्हाई म्हणाले न्हाईत. पाहू म्हणाले. रूपाली किती दिवस माझ्याशी बोलली न्हाई. शेवटी दोघांनी रजिस्टरात सह्या करून लग्न केलं, माधवराव आले, डोक्यावर हात ठेवला आणि गेले. पंगत न्हाई, काही न्हाई. पुढं किती वेळा जेवायला बोलावलं मी त्यांना! यायचे, कॉफी घ्यायचे, जेवणाचं काढलं की गोड हसून म्हणायचे, पोट ठीक न्हाई. मला एकदाच त्यांच्या शेजारी पान मांडून बसायचं होतं, आणि ते नीट दुमडायचं होतं, आपल्याकडं.

गेल्या महिन्यात माधवराव गेले. तेराव्याला त्यांच्या घरी पानावर बसलो. सगळी उठली, माझा हातच चालंना. रूपाली वाढत होती, ती वाकली, माझं पान तिनंच दुमडलं. म्हणाली, आप्पा, आज तिकडंच.

परवा कोपऱ्यावर कॉफी घेतली, बोर्डापेक्षा जादा लावले. मी म्हटलं, परवाइल्लै, आणि पैसे ठेवून उठलो. गल्लीतली पोरं मागनं पळत आली, आप्पा, तब्येत बरी हाय न्हवं?