परत दिलेली माळ

(रेवदंड्याजवळची वाडी. वेणूबाईंची पडवी. पायरीशी मनुबाई आणि चर्चच्या मंडळीचे धर्मगुरू, तरुण पाळक केतन.)

वेणूबाई : आधी एकटी आलीस, आता साक्षीदार घेऊन आलीस. अगदी बायबलात सांगितलंय तसं, आधी एकट्यानं, मग साक्षीदार, मग सगळी मंडळी! पुढच्या खेपेला सगळी मंडळीच आण गो. फक्त आधी कळव, माझ्याकडं तेवढे कप न्हायत.

मनुबाई : एकटी आले तवा दार उघडलंस? आतनं म्हणतेस, अंघोळ करते. भर दुपारी कसली गो अंघोळ?

वेणूबाई : माझं पाणी, माझी अंघोळ.

केतन : सलाम, मावशी. बसू का?

वेणूबाई : सलाम, पाळकसाहेब. तुम्ही बसा, खुर्चीवर बसा. हिला काय सांगायचं न्हाय. हिला माझ्या घरचं काय चालत न्हाय.

मनुबाई : ऐकलंत? दोन महिने हे असं चाललंय.

केतन : वेणूमावशी, दोन महिने तुम्ही चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायलाही आला नाहीत. मनात काय आहे ते त्यांच्यासमोरच बोला. त्यासाठीच आलोय मी.

वेणूबाई : बोलायचं काय? सगळ्या चर्चनं बघितलं. सुगीच्या सणाला मी पांढऱ्या कांद्याची माळ वाहिली. आमचे हे गेल्यानंतरचं पयलं पीक. वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव सुरू झाला, नि हिनं सगळ्यांच्या वर बोली लावली. माझा ऊर भरून आला हो! आणि माळ हातात पडते न पडते तोच ही उठली नि परत टेबलावर ठेवून आली. पुन्हा लिलाव! नेली मग मांडव्याच्या कुणा बंगलेवाल्यानं.

मनुबाई : अगो, परत कुठं? प्रभूला दिली. जी वस्तू आपल्याला लाखमोलाची, ती घ्यायची नि पुन्हा वाहायची. तिचा मान दुप्पट होतो.

वेणूबाई : हे कुठलं नवीन? जन्मभर लिलाव बघते मी, असं कुणी केलं न्हाय.

मनुबाई : ह्यांना इचार. ह्यांनीच सांगितलं मला.

केतन : अं...

वेणूबाई : अं काय, पाळकसाहेब?

केतन : आमच्या नगरकडे करतात असं. मनुमावशींना बोललो होतो. मंडळीला सांगायचं मात्र राहूनच गेलं.

वेणूबाई : राहून गेलं! आणि साक्षीदार म्हणून तुम्हीच आलात?

केतन : आलोय खरा. माफ करा, मावशी. मला वाटलं, शेताच्या बांधावरून काहीतरी असेल.

मनुबाई : हसू नको गो, पोर लाजलंय.

वेणूबाई : कोण हसतंय? मने, मानाचं ऱ्हाऊ दे. लावणीला माझ्यासंगं कोण वाकलं? पोरगा पनवेलला, सुनेची नोकरी. तूच आलीस. गुडघे धरून धरून रोप लावलंस. ती माळ तुझ्या सैपाकघरात टांगलेली बघायची होती मला. बास, एवढंच. प्रभूचं प्रभूला मिळालं होतं. तुझं तुझ्याकडं ऱ्हायला नको?

मनुबाई : मग तसं सांगायचंस की!

वेणूबाई : हे काय सांगायचं असतं?

मनुबाई : मला ती सोडवत नव्हती गो. सोडवत नव्हती म्हणूनच ठेवून आले. जे सोडवत न्हाय तेच द्यावं, असं वाटलं. चुकलंच माझं. आधी तुला इचारायला पायजे होतं.

वेणूबाई : बरं, बरं. तू तरी सुखानं घेतलंस ना प्रभुभोजन?

मनुबाई : न्हाय.

वेणूबाई : म्हंजे?

केतन : भाकरीचं ताट आलं की मनुमावशी न घेताच पुढं सरकवतात. मला वाटलं, डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल.

वेणूबाई : नखाएवढ्या भाकरीचं कसलं आलंय पथ्य! मने, लग्न होऊन आलीस तवापासून एकदाबी चुकवलं न्हायस तू. तापानं फणफणलेली असायचीस, तरी गोधडी पांघरून यायचीस.

मनुबाई : तुझ्याशी अबोला धरून कसं घेऊ? हातच पुढं होईना.

वेणूबाई : ये. बस हिकडं, माझ्याजवळ. आणि रडू नको, मलाबी रडू येईल.

केतन : मग मावशी, रविवारी...?

वेणूबाई : रविवारी आम्ही दोघी हाव. आणि पाळकसाहेब, ताट आमच्या बाकापासून सुरू करा. ही लय दिवस उपाशी हाय.