मालकाचं काळं बोट

अरे, आमच्या मिरजोळ्याच्या काजू कारखान्यातलीच गोष्ट. ऑफिसातली सुमन रोज संध्याकाळी कॉम्प्युटरची सिक्युरिटी चालू करून जायची आणि सकाळी बघते तर बंद! मालक ओरडले, "उद्या बंद दिसली तर नोकरी गेली समज!" पोरगी माझ्याकडे येऊन म्हणाली, "काका, मी खरंच सेव्ह केलं होतं हो!"

मला कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नाही. पण त्या संध्याकाळी ती घरी गेल्यावर मी माउसला काजूच्या टरफलाचं तेल फासलं. बोटाला लागलं तर काळा डाग आठवडाभर जात नाही.

सकाळी मालक बोट नाचवत गरजले, "सुमन, चालती हो!"

मी म्हटलं, "मालक, तुम्ही काजू फोडायला कधी बसलात?"

बोट गपकन खिशात गेलं. "सिक्युरिटी असली की माझी रमी उघडत नाही रे," मालक पुटपुटले.